टॅमसुलोसिन ०.४ मिग्रॅ (प्रोस्टेटची गोळी), आठ महिन्यांनंतर लघवीची धार कशी आहे

वय ६३, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितो. दोन वर्षं असं की मुतारीत माझ्यामागून आलेले दोघं उरकून जायचे अन् मी आपला भिंतीकडं बघत उभा, धार सुरूच व्हायची नाही, झाली तर पायाशीच पडायची, चेन लावली की परत दोन थेंब. वय झालं म्हणून गप्प बसलो. बायको म्हणाली रात्रीत चारदा कडी वाजतीय, मिरजेला दाखवून या आधी.

सोनोग्राफी, पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी), साखर आणि धारेची टेस्ट. मशीनवरच्या नरसाळ्यात लघवी करायची, कागदावर आलेख निघतो. पहिल्यांदा ९० मिलीच झाली, निदान १५० लागते म्हणून परत बाकावर, पाण्याची बाटली संपवून तासभर, आणि बाहेर कुणीतरी दार ठोकतंय म्हटल्यावर येतीय होय! शेवटी आकडा आला सेकंदाला ७ मिली. १५ च्या वर बरी समजतात, १० च्या खाली म्हणजे बहुतेक वाट अडलेली, नाहीतर लघवीच्या पिशवीचाच जोर कमी. माझं प्रोस्टेट, म्हणजे पिशवीखाली लघवीच्या वाटेभोवती असते ती गाठ, वाढलेलं निघालं आणि टॅमसुलोसिन सुरू झाली.

या गोळीनं प्रोस्टेट बारीक होत नाही हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, तिथले स्नायू फक्त सैल पडतात. बारीक करायची गोळी वेगळी, तिला सहा महिने तरी द्यावे लागतात. मला आठवड्यात फरक पडला, चौथ्या महिन्यात धार १३ आली, रात्री आता एकदाच उठतो. वीर्य मात्र जवळजवळ बाहेर येतच नाही, हे कुणी आपणहून सांगत नाही.

गाढवपणा दोनदा केला. उपाशीपोटी घेतली आणि उठताना डोळ्यापुढं अंधारी, बेसिन धरलं म्हणून वाचलो. रोज एकाच जेवणानंतर अर्ध्या तासानं घ्यायची. दुसरा दिवाळीतला, मेडिकलमधनं न विचारता सर्दीची गोळी आणली, रात्री लघवी पार तुंबली, पोट नगाऱ्यासारखं, दोन वाजता पोराच्या गाडीवर मागं बसून मिरज, प्रत्येक स्पीडब्रेकरला जीव जात होता. नळी घातली तेव्हा ८०० मिली निघाली, नळी तीन दिवस. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी पिशवीचं तोंड आवळतं म्हणे.

पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. या गोळीनं डोळ्यातला बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ढिला पडतो, गोळी बंद केली तरी डोळ्याच्या डॉक्टरांना सांगावंच लागतं, म्हणून नाव लिहून चिठ्ठी चष्म्याच्या घरात ठेवलीय.