डिकीवरची अक्षरे काढून घेतली त्याविषयी

महागड्या गाडीच्या डिकीवरची मॉडेलची अक्षरे काढून देणे हे काम बहुतेक ठिकाणी फार हलके समजले जाते. हेअर ड्रायरने थोडे गरम करायचे, दोऱ्याने कापायचे, चिकटा पुसायचा आणि गाडी परत द्यायची, एवढेच त्यात असल्याचे सांगितले जाते. हे काम मी आजवर दोन गाड्यांवर, दोन वेगवेगळ्या ठिकाणी करून घेतले. पहिल्या वेळी ते बिघडले आणि दुसऱ्या वेळी जवळजवळ निर्दोष झाले. त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की अक्षरे काढणे ही या सेवेतली सर्वांत सोपी पायरी आहे, आणि अक्षरे निघाल्यावर खाली जे उघडे पडते त्याच्याकडे कारागीर कसे पाहतो, यावरूनच त्याची पारख करावी. दोन्ही ठिकाणांची नावे मी देत नाही, कारण मला लिहायचे आहे ते कामाच्या पद्धतीविषयी.

सध्याची गाडी बीएमडब्ल्यू ५३०डी आहे, गडद निळी, सहा वर्षे वापरलेली. ही अक्षरे मला का नको होती, असे अनेकांनी विचारले. एक कारण अगदी साधे आहे: गाडी हाताने धुणाऱ्याला ‘३’च्या दोन पोटांत आणि ‘०’च्या आत साठणारी मेणाची पांढरी रेघ चांगलीच ठाऊक असते, आणि मऊ ब्रशने दर वेळी ती काढण्याचा मला कंटाळा आला होता. दुसरे कारण असे की डिकीचा पत्रा ज्या सफाईने वळवलेला असतो, ती सफाई त्या चार चकचकीत अक्षरांपाशी अडते. आणि तिसरे कारण म्हणजे आकडा वाचून गाडीची, आणि तिच्यामागे मालकाची, किंमत ठरवणारी नजर मला नकोशी झाली होती.

शिवाय तो आकडा आता पूर्वीसारखा खरे सांगतोच असे नाही. १९६८ साली मर्सिडीजने ३०० एसईएल ६.३ आणली, तेव्हा डिकीवरच्या ‘६.३’चा अर्थ सरळ होता, आत ६.३ लिटरचे इंजिन होते. पुढे सी ६३ आली तिचे इंजिन ६.२ लिटरचे होते, आणि त्याच नावाच्या अलीकडच्या गाडीत २ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन विजेच्या मोटारीच्या जोडीने काम करते. माझ्या ५३०डीत ३ लिटरचे इंजिन आहे, पण त्याच पिढीच्या ५३०आयमध्ये मात्र २ लिटरचे. ऑडीने २०१७ पासून लावलेल्या ४०, ४५, ५५ अशा आकड्यांचा तर इंजिनाच्या आकारमानाशी संबंधच नाही. ते शक्तीचे टप्पे आहेत. तेव्हा अक्षरे काढल्याने कुणाची माहिती हिरावली जाते, असे मला वाटत नाही.

नवी गाडी मागवणाऱ्याने हे काम कंपनीकडूनच करून घ्यावे, हे मात्र आवर्जून सांगेन. मॉडेलची अक्षरे न लावता गाडी देण्याचा पर्याय जर्मन कंपन्यांच्या यादीत फार पूर्वीपासून आहे. बीएमडब्ल्यूकडे त्याचा क्रमांक ३२० आहे आणि मर्सिडीजकडे २६०. अशा गाडीच्या रंगावर अक्षरे कधी बसलेलीच नसतात, त्यामुळे पुढचा सगळा खटाटोप वाचतो. माझी गाडी मी जुनी घेतली होती, म्हणून तो मार्ग मला मोकळा नव्हता.

आधी पहिल्या अनुभवाविषयी. ती गाडी गडद लाल होती. दुकानात पोचल्यापासून पाच मिनिटांत हीट गन, म्हणजे खूप गरम हवा फेकणारे हातातले यंत्र, सुरू झाली. कुणी काही विचारले नाही आणि काही मोजलेही नाही. शेवटच्या अक्षरासोबत क्लिअर कोटचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचा, नखाएवढा पापुद्रा उचलला गेला आणि खाली निस्तेज लाल डाग उरला. नंतर कळले की आधीच्या मालकाने डिकी एकदा पुन्हा रंगवून घेतली होती. कारखान्यातला रंग साधारण १४० अंश सेल्सिअसला भाजलेला असतो. दुरुस्तीचा रंग सहसा ६० अंशांच्या आसपास वाळवतात, आणि खालचा थर नीट घासलेला नसेल तर त्याची पकडही कच्ची राहते. हीट गनची हवा ५०० अंशांच्याही वर जाऊ शकते. हे तिन्ही आकडे एकत्र ठेवून पाहिले म्हणजे तो पापुद्रा का निघाला ते कुणालाही कळेल. शेवटी संपूर्ण डिकी रंगवावी लागली, आणि चार अक्षरांपायी गाडीचा मूळ रंग गमावल्याची हळहळ मला अजून आहे.

म्हणून दुसऱ्या ठिकाणी गेले तेव्हा मी हीट गन कुठे दिसते का, तेच आधी पाहिले. तिथल्या कारागिरांनी गाडी आधी धुतली, मग रंगाची जाडी मोजायचे छोटे यंत्र आणले आणि डिकीवर आठ ठिकाणी टेकवले. या पिढीच्या ५ सिरीजची डिकी ॲल्युमिनियमची आहे, आणि फक्त लोखंडी पत्र्यावर चालणारे यंत्र तिच्यावर निरुपयोगी ठरते, हे त्यांना माहीत होते. त्यांच्याकडे दोन्ही धातूंवर चालणारे यंत्र होते. आकडे ११५ ते १२६ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दरम्यान आले, म्हणजे रंग कारखान्यातलाच होता. ‘‘ताई, अक्षरं काढणं दहा मिनिटांचं काम आहे, खाली काय निघतं ते बघू, मग वेळ सांगतो,’’ एवढेच ते म्हणाले. मला हवे होते ते नेमके हेच वाक्य होते.

त्यानंतर त्यांनी जे केले ते मी कुठेच पाहिले नव्हते. अक्षरांच्या वरून आणि खालून मास्किंग टेपच्या दोन सरळ पट्ट्या लावल्या, डिकीच्या कडेपासूनची अंतरे त्या टेपवरच पेनने लिहिली आणि फोटो काढून ठेवला. पुढे कधी अक्षरे परत बसवायची झाली तर ती तिरकी लागू नयेत, यासाठी ही काळजी. मग हेअर ड्रायर सतत हलता ठेवून पत्रा गरम केला, तळहात जेमतेम टेकवता येईल इतकाच. अक्षरे फोमच्या दुहेरी टेपने चिकटवलेली असतात. ती टेप थंडीत कडक राहते आणि उबेने सैल होते. अक्षर आणि पत्रा यांच्या फटीत नायलॉनची तंगूस घालून, तिची दोन टोके दोन हातांत धरून, करवतीसारखी पण अगदी संथपणे पुढे-मागे ओढली. डेंटल फ्लॉसही चालतो, पण तो लवकर तुटतो, असे त्यांचे म्हणणे होते. तंगूस पत्र्याला समांतर राहील आणि अक्षराकडे किंचित जास्त झुकलेली असेल, याकडे त्यांचे पूर्ण लक्ष होते, कारण ती पत्र्यावर दाबली गेली तर रंगावर बारीक चरा उमटतो. ‘५’ सुटले तेव्हा अर्धा फोम अक्षराला आणि अर्धा पत्र्याला चिकटून राहिला. तो असाच मधून फाटायला हवा असतो.

पत्र्यावरचा चिकटा काढताना कारागिराच्या संयमाची खरी कसोटी लागते. ड्रिलला लावायचे रबरी चाक त्यांच्याकडे होते, पण एका जागी जास्त वेळ फिरले तर ते रंग तापवते, म्हणून त्यांनी ते वापरले नाही. ऊब देऊन अंगठ्याने फोमच्या वळकट्या करत तो सोलायचा, उरलेल्यावर चिकटा विरघळवणारे द्रव कापडावर घेऊन काही क्षण ठेवायचे, पुसायचे आणि पुन्हा तेच करायचे, असा चाळीस मिनिटांचा उद्योग चालला. थिनरची बाटली कुठेही दिसली नाही, आणि ब्लेड किंवा धातूची पट्टी हातात घेतली गेली नाही. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा स्वच्छ केली, तेव्हा दिव्याच्या तिरप्या उजेडात ‘५३०डी’ स्पष्ट वाचता येत होते, जणू अक्षरे तिथेच होती.

या सावलीविषयी गैरसमज फार आहेत. सर्वसाधारण समजूत अशी की उन्हाने बाजूचा रंग उडाला आणि अक्षराखालचा तसाच राहिला. क्लिअर कोट नसलेल्या जुन्या साध्या रंगांवर, विशेषतः लाल रंगावर, हे बरेचसे खरे आहे. आजच्या गाड्यांत अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट वर असल्यामुळे खालचा रंग त्या मानाने कमी बदलतो. जे दिसते ते बहुधा क्लिअर कोटच्या पृष्ठभागातले अंतर असते: बाजूचा भाग सहा वर्षे धुतला, पुसला गेला, त्यावर सूक्ष्म ओरखडे पडले, अक्षराखालचा भाग मात्र कारखान्यातून आला तसाच तुळतुळीत राहिला. शिवाय अक्षराच्या कडेने धूळ आणि मेण दाबून बसते, त्याची कोरल्यासारखी रेघ उमटते. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर हे सहसा नजरेत येत नाही. काळ्या आणि गडद निळ्यावर लपत नाही.

यावर उपाय पॉलिशचा, पण तिथे हिशेब लागतो. क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, आणि उन्हापासून संरक्षण करण्याचे काम तोच करतो. सावली पूर्ण पुसण्याच्या हट्टापायी एकाच जागी घासत राहिले तर काही वर्षांनी तिथेच रंग मरू लागतो. त्यांनी मऊ पॅड आणि बारीक पॉलिशने सुरुवात केली, काम उरकायची घाई न करता दर फेरीनंतर जाडी मोजली, आणि फक्त अक्षरांची जागा न घासता डिकीची पूर्ण उभी बाजू कडेपर्यंत घेतली, म्हणजे चमकदार चौकोन उठून दिसू नये. यंत्राने शेवटी सुमारे २ मायक्रॉनची घट दाखवली. त्या टप्प्यावर ‘०’ची एक कड अजून किंचित जाणवत होती. आणखी एक फेरी मारू का, असे त्यांनी विचारले आणि लगेच, मारू नये असे मला वाटते, असेही सांगितले. मी त्यांचे ऐकले. ती कड आजही संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, गुडघे टेकून विशिष्ट कोनातून पाहिले तर दिसते. उभ्याने कधीच दिसत नाही.

तक्रारीही आहेत. पहिली गंभीर आहे. माझ्या गाडीवर सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंग जपण्यासाठी वरून लावलेला पातळ कठीण लेप, होते, आणि पॉलिशबरोबर ते निघून जाणार हे मला काम सुरू होण्यापूर्वी सांगायला हवे होते. ते मला अर्ध्या कामानंतर कळले. डिकीवर त्यांनी ते नव्याने लावून दिले, पण त्यामुळे गाडी रात्रभर तिथेच ठेवावी लागली आणि माझ्या पुढच्या दिवसाची आखणी विस्कटली. रंग मोजण्याइतकी दक्षता घेणाऱ्याने रंगावर काय लावले आहे हेही विचारायला हवे. ज्यांच्या गाडीवर पीपीएफची, म्हणजे रंग जपणारी पारदर्शक, फिल्म आहे त्यांनी तर हा प्रश्न स्वतःहून काढावा: फिल्म अक्षरांभोवती कापून लावली असेल तर अक्षरे गेल्यावर तिच्या कडा उघड्या पडतात, आणि अक्षरे फिल्मवर चिकटवली असतील तर ती ओढताना फिल्मही उचलली जाऊ शकते. दुसरी तक्रार किरकोळ: काम सुरू झाल्यावर जो वेळ सांगितला होता, त्याच्या जवळजवळ दुप्पट लागला.

मागचे गोल चिन्हही काढून टाकावे, अशी माझी इच्छा होती. त्यांनी नकार दिला, आणि तो योग्य होता. माझ्या गाडीत ते चिन्ह पत्र्यातल्या दोन भोकांत खुंट्यांनी बसलेले आहे; ते काढले तर भोके बुजवून डिकी रंगवावी लागते. इतर गाड्यांतही कंपनीच्या चिन्हाला हात लावण्यापूर्वी त्यामागे काय आहे ते पाहावे. मर्सिडीजच्या अनेक मॉडेलांत पुढच्या जाळीतल्या सपाट ताऱ्यामागे पुढच्या वाहनापासूनचे अंतर मोजणारे रडार असते, आणि काही गाड्यांत मागच्या चिन्हाखाली डिकीची कडी किंवा कॅमेरा लपवलेला असतो. मॉडेलची अक्षरे ही नुसती चिकटवलेली असतात. चिन्हाचे तसे नसते.

या कामाला मी पाचपैकी चार गुण देते. एक गुण कोटिंगविषयी न विचारल्याचा कापला आहे. गाडी परत देताना त्यांनी चारही अक्षरे मागचा फोम साफ करून, मूळ अंतराप्रमाणे एका मेणकागदावर मांडून दिली, आणि मापे लिहिलेल्या त्या दोन टेपच्या पट्ट्याही त्याच कागदावर वर-खाली चिकटवल्या होत्या. तो कागद मी गाडीच्या सर्व्हिसच्या पुस्तिकेत ठेवला आहे. पुढच्या मालकाला ती अक्षरे हवी असतील, तर ती त्याच जागी बसतील.