तीन रविवार, तीन सिनेमे, १५० रुपये

विश्रामबागेतल्या एका फिल्म क्लबने सत्यजित राय यांचे अपू नावाच्या मुलाच्या आयुष्यावरचे तिन्ही बंगाली सिनेमे ओळीने तीन रविवारी दाखवले. तिन्हींचे मिळून माणशी १५० रुपये. सासूबाईंना घेऊन गेले होते.

खाली इंग्रजी अक्षरं येत होती, म्हणून मी कानात मराठी करून सांगत होते. ‘पथेर पांचाली’त (१९५५) म्हातारी इंदिर ठाकरुण बोचकं घेऊन घराबाहेर पडली, तशा सासूबाई म्हणाल्या, “गप बस गं, कळतंय मला.” ते काम करणाऱ्या चुनीबाला देवी तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या!

मी मोडले ते ‘अपराजितो’ला (१९५६). आमचा लेक जूनमध्येच पुण्याला इंजिनिअरिंगला गेलाय. सुट्टीला घरी आलेला अपू, आई काळजीनं काही विचारतेय आणि हा गाढ झोपलेला. आमच्याकडे दिवाळीत डिट्टो हेच. पुढे स्टेशनवर गेलेला अपू गाडी सोडून देतो, परत येतो आणि सांगतो, गाडी चुकली. लबाड कुठला! एक दिवस वाढवला आईसाठी. तिथे सासूबाईंनी माझ्या हातात भडंगाची पुडी सरकवली, डोळे मात्र पडद्यावरच.

‘अपूर संसार’च्या (१९५९) दिवशी स्पीकर खरखरला, रविशंकरांची सतार निम्मी वाया. खुर्च्या प्लॅस्टिकच्या, पाठ धरते, उशी न्या. चित्र मात्र स्वच्छ होतं. मध्यंतरातला चहा पाणचट.

पाचपैकी चार. एक गुण स्पीकरचा कापला. चहाचा कापला नाही, सासूबाईंना आवडला म्हणे.