जीव घाबरा होणे आणि बेळगावातील एक मानसोपचार दवाखाना

खानापूरहून बेळगावला येणाऱ्या बसमध्ये, देसूरच्या पुढे, माझ्या छातीत एकाएकी धडधड सुरू झाली, श्वास पुरेनासा झाला, ओठांना आणि बोटांना मुंग्या आल्या आणि आता आपण संपलो अशी खात्रीच वाटू लागली. सहप्रवाशांनी रुग्णालयात पोहोचवले तोवर त्याचा जोर ओसरूही लागला होता. तेथे ईसीजी आणि रक्ततपासणी दोन्ही ठीक आली, आणि ‘गॅस असेल, टेन्शन घेऊ नका’ असे सांगून मला घरी पाठवण्यात आले. पुढच्या तीन महिन्यांत असे आणखी पाच झटके आले, त्यांतला एक तर गाढ झोपेतून उठवणारा होता. घरी दृष्ट काढून झाली, ओवा खाऊन झाला, आणि शेवटी एका सहकारी शिक्षकांच्या आग्रहावरून मी बेळगावातील एका मानसोपचार दवाखान्यात गेलो. खाली काही तक्रारीही लिहिल्या असल्याने दवाखान्याचे नाव देत नाही.

या दवाखान्याची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे डॉक्टरांची विचारपूस. झटक्याचे वर्णन मी तोंडपाठ केल्यासारखे सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि मग दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांबद्दल विचारायला सुरुवात केली. पुन्हा येईल ही धास्ती दिवसभर असते का, त्यापायी काय काय करायचे सोडले, बसमध्ये कोठे बसता? मी दाराजवळची जागा धरू लागलो होतो, नंतर बसच सोडली होती, आणि गोव्यात राहणाऱ्या बहिणीकडे चोर्ला घाटातून जाण्याचे दोनदा टाळले होते, कारण घाटात काही झाले तर दवाखाना कोठे, हाच विचार मनात येत असे. हे सारे मी सावधपणा समजत होतो.

डॉक्टरांनी सांगितले की धडधड, घाम, कंप, गुदमरणे, छातीत दुखणे, मळमळ, चक्कर, मुंग्या, अंगात गरम किंवा गार लहरी येणे, भोवतालचे जग खोटे वाटणे, वेड लागेल किंवा मरण येईल असे भय, अशा लक्षणांपैकी चार किंवा अधिक एकदम उसळून काही मिनिटांत कळसाला पोहोचली तर त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. मात्र एखादा झटका म्हणजे पॅनिक डिसऑर्डर नव्हे. झटके कारणावाचून पुन्हा पुन्हा येणे आणि त्यानंतर किमान महिनाभर पुढच्या झटक्याची धास्ती किंवा वागण्यात टाळाटाळ असणे, यावर निदान ठरते. मुंग्यांचे कारणही पटले: भराभर श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो. निदान लिहिण्यापूर्वी त्यांनी थायरॉइडची तपासणी करायला लावली आणि दिवसाला किती कप चहा पिता असे विचारले. सात हा आकडा सांगताना मला संकोच वाटला.

भाषेचा प्रश्न मात्र येथे नुसता तोंडी लावण्यापुरता नाही. डॉक्टर कन्नड भाषक आहेत. ‘जीव घाबरा होतो’ म्हटल्यावर त्यांनी लगेच ‘गाबरी’ असे म्हटले, कारण कन्नडमध्येही तोच शब्द आहे, आणि आमचे काम चालले. पण लक्षणांची छापील प्रश्नावली कन्नड आणि इंग्रजीतच होती. ‘कासावीस’ आणि ‘छाती भरून येणे’ यांतला फरक मदतनीस मुलीला समजावताना माझी पुरेवाट झाली. खानापूर तालुक्यातल्या खेड्यांतून येणाऱ्या वयस्क बायकांनी ते कागद कसे भरावेत? सीमाभागातल्या दवाखान्याने मराठी प्रत ठेवायलाच हवी.

दुसरी तक्रार प्रतीक्षाकक्षाची. ज्यांना कोंडल्यासारखे होते अशा रुग्णांना बिनखिडकीच्या खोलीत दोन तास बसवणे, याला काय म्हणावे?

उपचारात सर्ट्रालिन या नैराश्य-चिंतेवरील औषधाची कमी मात्रेची गोळी आणि वर्तनोपचाराची सत्रे होती. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला अस्वस्थता थोडी वाढू शकते आणि ती मनाने बंद करू नये, हे त्यांनी आधीच सांगितल्यामुळे पहिल्या आठवड्यात मी डगमगलो नाही. सत्रांत समुपदेशकांनी मला मुद्दाम भराभर श्वास घ्यायला लावून त्याच मुंग्या आणल्या आणि त्या आपोआप जातात हे दाखवले. एवढ्या एका प्रयोगासाठीही पैसे वसूल झाले असे मी म्हणेन.

समुपदेशक आठवड्यातून एकदाच, बुधवारी येतात, त्यामुळे वेळ आधी ठरवून घ्यावी. तोवर बोलायला कोणी हवे असेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनाशुल्क आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर मात्र आधी ईसीजी काढावा आणि मगच या दवाखान्याचा जिना चढावा.