ट्रेलर की फिफ्थ व्हील? वाद राजारामपुरीतला

पुतण्या आणि सूनबाई अमेरिकेत पहिला कॅम्पर, म्हणजे गाडीला जोडून ओढायचं चाकांवरचं घर, घेणार, आणि वाद रंगलाय आमच्या राजारामपुरीत. ट्रॅव्हल ट्रेलर गाडीमागच्या बॉल हिचला, म्हणजे गोळ्याच्या जोडाला, लागतो; दमदार एसयूव्हीसुद्धा ओढते. पण शेजारून मोठा ट्रक गेला की शेपूट हलवतो. जोडट्रॉलीत ऊस ओढणाऱ्या कुणालाही विचारा! फिफ्थ व्हील हा दुसरा प्रकार; त्याचा भार पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसावर बसतो. डुलणं कमी, आत डोक्यावर जागा ऐसपैस. पण पिकअप हवाच, हौदा अडकतो, आणि झोपायला पायऱ्या चढा.

मी पुतण्याला म्हटलं, दोघांना 20-22 फुटी ट्रेलर रग्गड झाला. मात्र हिचवर त्याच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भार येतो, तेव्हा गाडी किती भार पेलते ते सांगणारं दाराशेजारचं स्टिकर आधी वाच. पाण्याची टाकी, भांडीकुंडी धरूनच वजन मोज.