जुन्या फोटोंचा रंगीत सेट मागवाल तर पस्तावाल, त्यापरीस तालुक्याचा स्टुडिओ बरा

आमच्या गावच्या वाचनालयाला नवीन प्लास्टर झालं, भिंत मोकळी दिसून रायली होती, तर कमिटीनं ठरवलं की आपल्या वऱ्हाड भागाचे जुने फोटो लावायचे आणि अध्यक्षांच्या पोरानं मोबाईलवर एक सेट पाहून मागवूनच टाकला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हेच फोटो वेगवेगळ्या नावानं विकणारे भरपूर बसले आहेत, एकाला शिव्या देऊन काय होते. जाहिरातीत लिहिलेलं की रेअर विंटेज, एआय रिस्टोर्ड, फुल कलर, कॅनव्हास प्रिंट, फक्त खिळा ठोका आणि लटकवा. माझ्याकडून पाचपैकी दीड स्टार, आणि त्यातला अर्धा स्टार एकाच फोटोचा आहे, तो कोणता ते पुढं येते.

पहिले मालाचं सांगतो. पॅकिंग मजबूत, त्याबद्दल तक्रार नाही. कॅनव्हास म्हणून जे आलं ते जाड फ्लेक्सच्या जातीचं, पातळ पट्ट्यांवर ताणून मागून स्टेपलर मारलेला, आणि वास असा की उघडल्याबरोबर पेपर वाचत बसलेले आजोबा लोक बाहेर ओट्यावर जाऊन बसले. छपाई लांबून चमकदार दिसते, जवळ गेलं की चेहरे मेणाचे.

पण माल एक वेळ चालला असता. खरा घोळ फोटोतच आहे राजेहो.

सगळ्यात मोठा विनोद शकुंतलेचा, म्हणजे आपल्या मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज गाडीचा. खाली ठळक अक्षरात "शकुंतला एक्सप्रेस, यवतमाळ, १८८५". आता मूर्तिजापूरकडचं शेंबडं पोरगं बी सांगेल की १८८५ ला शकुंतला कुठून आली, किलिक निक्सन या इंग्रज कंपनीनं सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली तीच १९१० साली, आणि जे वाफेचं इंजिन आमच्या म्हाताऱ्या लोकांना आठवते ते मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं, १९२३ पासून धावलं आणि १९९४ च्या एप्रिलमध्ये उतरवलं, मग डिझेल आलं. बरं साल सोडा, छपाईची चूक म्हणू. फोटोत गाडी एका कड्याच्या टोकावर गरकन वळून रायली आहे, खाली दरी, मागं ढग! मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, त्यात मला असा कडा दाखवा, चहा-समोसा माझ्याकडून. तो फोटो दार्जिलिंगच्या गाडीचा आहे, ॲगनी पॉइंट म्हणतात त्या वळणाचा, लय प्रसिद्ध फोटो आहे. तिकडची लाईन १८८१ ची आणि रुळांमधलं अंतर दोन फूट, आपल्या लाईनचं अडीच फूट. कोणीतरी "नॅरोगेज ओल्ड फोटो" असं सर्च करून पहिला दिसला तो उचलला, बाकी काही नाही.

दुसरा फोटो दुष्काळाचा, त्यावर लिहिलं "वऱ्हाडचा भीषण दुष्काळ १९००". १८९९-१९०० चा दुष्काळ आपल्याकडं पडला होता हे खरं, त्याच्या आधी १८९६-९७ चा बी पडला. पण हा फोटो विलोबी वॉलेस हूपर नावाच्या इंग्रज फौजी अधिकाऱ्यानं मद्रास इलाख्यात काढलेला, १८७६ ते ७८ च्या दुष्काळातला. हाडांचे सापळे झालेली माणसं ओळीनं बसवून काढलेले त्याचे फोटो इंटरनेटवर बंगालचे म्हणून फिरतात, मराठवाड्याचे म्हणून फिरतात, आता वऱ्हाडचे बी झाले. आणि हे सगळं "वॉल डेकोर" म्हणून! पोरं जिथं चंपक वाचतात त्या भिंतीवर उपाशी मेलेल्या लोकांचा फोटो, तो बी रंगवून, सजावट म्हणून लावा म्हणते. काय बोलावं.

गाडगेबाबांचा फोटो पाहून मात्र डोकंच सटकलं. बाबा इथलेच, शेंडगावचे, अंजनगाव सुर्जी तालुका, १८७६ चा जन्म. त्यांचा वेश शाळेतल्या पोराला पाठ आहे, अंगात चिंध्या चिंध्या जोडलेला अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर किंवा हातात गाडगं. जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोत ठिगळं वेगवेगळी दिसतात, एक गडद, एक फिकट, एकावर रेघा. या रिस्टोर केलेल्या फोटोत सगळी ठिगळं एका रंगाची झाली, मातकट भगवा, इस्त्री केल्यासारखा सपाट झगा. कवडी गायब. म्हणजे सॉफ्टवेअरला वाटलं की फोटोवर डाग आहे, पुसला. ज्या माणसानं सारी जिंदगी चिंध्या पांघरून काढली त्याला कॉम्प्युटरनं नवीन कापड शिवून दिलं.

हे रंगाचं काहून चुकते ते थोडं सांगतो, कारण कमिटीत दोघं-तिघं अजून बी म्हणून रायले की रंगीत छान दिसते. त्या जमान्यातल्या काचेच्या प्लेटवर जो मसाला लावत त्याला निळा उजेड पटकन कळे आणि लाल जवळजवळ कळतच नसे, पिवळा बी कमीच. म्हणून जुन्या फोटोत आभाळ कोरं पांढरं दिसते, ढग सुद्धा नाही, आणि लाल कुंकू काळं दिसते, हळदीचा पिवळा बी गडद येते, आपल्या लोकांचे सावळे चेहरे असतात त्याच्यापेक्षा जास्त काळे येतात. म्हणजे फोटोतलं काळं लुगडं खरं तर लालभडक असू शकते आणि पांढरा दिसणारा फेटा कदाचित आसमानी. मशीनला हे काही माहीत नाही, ते काळ्याला तपकिरी करते, पांढऱ्याला पांढरंच ठेवते, आणि सेटमधल्या नऊवारीवाल्या बाईला तं त्यानं फिक्कट गुलाबी लुगडं नेसवलं, त्याचा काठ खांद्यापासून निघते आणि कंबरेजवळ कुठं जाते पत्ताच नाही. पूर्वी आपल्याकडं फोटोवर हातानं रंग भरणारे कारागीर होते, पण त्याईच्यासमोर निदान माणूस बसलेला असे, किंवा घरचे लोक सांगत की बाप्पा शालू हिरवा होता.

आता तो अर्धा स्टार. निजामाच्या दरबाराचा एक फोटो या सेटमध्ये रंग न भरता आला, बहुतेक विसरले असतील, आणि तो खरंच सुंदर आहे. लाला दीनदयाळांचा. खालची ओळ मात्र "ब्रिटिश फोटोग्राफर". अहो, दीनदयाळ मेरठकडच्या सरधन्याचे, रुडकीला इंजिनिअरिंग शिकले, इंदूरला नोकरी केली, मग सहाव्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर झाले, निजामानं त्याईला राजा मुसव्विर जंग असा किताब दिला, त्यात ब्रिटिश काय आहे? वऱ्हाडाच्या भिंतीवर निजाम काहून असं बी एका मेंबरनं विचारलं. तर वऱ्हाड निजामाचंच होतं, १८५३ ला इंग्रजांकडं कारभार गेला, १९०२ ला कायमच्या भाड्यानं दिलं आणि १९०३ ला मध्य प्रांताला जोडलं. म्हणून हा एक फोटो भिंतीवर ठेवला, खालची ओळ ब्लेडनं खरवडून.

परत करायला पाहिलं तर "कस्टमाईज्ड प्रॉडक्ट, नो रिटर्न". कस्टमाईज काय केलं तर खाली वाचनालयाचं नाव छापलं! कस्टमर केअरवाल्या ताईला शकुंतलेचं समजावून सांगितलं, शेवटी ती म्हणते सर, स्क्रीन आणि प्रिंटच्या कलरमध्ये थोडा फरक येऊ शकतो.

मग आम्ही दुसरा रस्ता धरला आणि खरं सांगायचं तं हा रिव्ह्यू त्याच्यासाठीच लिहून रायलो. एवढे जुने फोटो फुकट आहेत. भारतात १९५८ च्या आधी काढलेल्या फोटोचा कॉपीराईट संपलेला आहे, आणि विकिमीडिया कॉमन्स, अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस, इंटरनेट आर्काईव्ह यावर चांगले मोठे स्कॅन पडलेले आहेत. ब्रिटिश लायब्ररीकडं आपल्या भागातल्या देवळांचे, किल्ल्यांचे खजिन्यासारखे फोटो आहेत, पण २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याईच्यावर सायबर हल्ला झाला आणि तिथल्या ऑनलाईन गोष्टी लय काळ बंद पडल्या, तेव्हा तिथली लिंक उघडली नाही तर कॉमन्सवर शोधा, बऱ्याच फोटोंच्या कॉपी तिकडं भेटतात. पैसे घेऊन वॉटरमार्क लावलेला फोटो विकणाऱ्या साईटवर जाण्याआधी इथं पाहत जा.

आमच्या भिंतीचा मेन माल निघाला तो रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या ग्रंथातून, १९१६ चा आहे, चार खंड, सगळा फुकट. मजकूर सावधपणे वाचा, सायबाच्या नजरेनं लिहिलेला आहे, कितीतरी समाजांवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारून मोकळे झाले, आणि फोटोखाली माणसाचं नाव नाही, नुसती जात. पण फोटो पाहा. गोंधळ्यांचा आहे, टोपल्या विणणाऱ्या कैकाड्यांचा आहे, बाजारात बांबूच्या गाड्या घेऊन आलेल्या गोंडांचा आहे. पिंजाऱ्याचा कापूस पिंजतानाचा फोटो लावला तेव्हा पंच्याहत्तरीचे एक आजोबा चष्मा सरकवत भिंतीला नाक लागेपर्यंत जवळ गेले आणि म्हणाले, "हे तं पिंजण होय! आमच्या आंगणात येऊन बसे थो, गादीचा कापूस पिंजे, दिवसभर टंग टंग." मग बाकीचे उठले, कोणाच्या घरी कोण येत होता, तांतेचा आवाज कसा होता, गादीला किती किलो लागे, यावर संध्याकाळपर्यंत चर्चा. त्या दार्जिलिंगच्या गाडीसमोर असा कोणी थांबला नव्हता.

आता स्टुडिओ. तालुक्याला बसस्टँडच्या मागं जो लग्नाचे अल्बम करते त्याच्याकडंच गेलो, चार स्टार देतो. बारा बाय अठराचा मॅट फोटोपेपरवर प्रिंट दोनशेच्या आसपास पडला, फ्रेम वेगळी, तरी ऑनलाईन सेटच्या निम्म्यात काम झालं. एक स्टार काहून कापला तर त्याईच्या हाताला सवय आहे, फाईल उघडली की पहिले ऑटो करेक्शन, मग चेहरा गुळगुळीत, मग कडा कापून टाकणे. समोर खुर्ची टाकून बसा लागते. म्हणा की भाऊ, नवरी नाही हे, सुरकुत्या राहू दे. पहिल्या प्रिंटमध्ये गोंधळी असे गोरे केले होते की विचारू नका, पण बोलल्यावर कुरकुर न करता फुकटात दुसरा काढून दिला.

फाईल नेताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, दबून जाते. पेनड्राईव्हवर न्या किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. बारा बाय अठरासाठी निदान २४०० बाय ३६०० पिक्सेल पाहिजे, ३६०० बाय ५४०० असलं तर मग बघायचं काम नाही. साईटवर बारकी जेपीजी आणि मोठी टिफ अशा दोन्ही दिसल्या तर टिफ घ्या, नेट स्लो असलं तर रात्री लावून झोपा. पुस्तकातल्या फोटोचा स्कॅन जास्त मोठा करू नका, बारीक दाणे फुटतात, आमचा कैकाड्यांचा फोटो आठ बाय दहाचाच ठेवला आणि तोच सगळ्यात छान दिसते. ओरखडे, काचेचा तडा, कोपऱ्यात इंग्रजीत खरवडलेला नंबर, हे काढू देऊ नका, त्या नंबरवरूनच तं फोटो कुठला ते सापडते. लॅमिनेशन नको म्हणा, आपल्याकडच्या मे महिन्यात फुगते. फ्रेमवाल्याकडून काच आणि फोटोच्या मधात पुठ्ठ्याचा माउंट टाकून घ्या, नाहीतर पावसाळ्यात फोटो काचेला चिकटते, आणि ऊन पडते त्या भिंतीला लावू नका.

फोटोखाली आम्ही मराठीत साधी पट्टी लावली, काय आहे, कोणी काढला, कोणत्या साली, कुठून घेतला. जिथं माणसाचं नाव मूळ फोटोवर नाही तिथं "नाव नोंदवलेलं नाही" असं सरळ लिहिलं. यावर कमिटीत वाद झाला, एकाचं म्हणणं असं की लोकं हसतील, पण तसंच ठेवलं.

स्टुडिओकडं लग्नसराईत मात्र जाऊ नका, तेव्हा तो तुम्हाला खुर्ची सुद्धा देत नाही. पोळा झाल्यावर जा, निवांत असते, चहा बी पाजते.