आठ महिने, दोन सैन्यं आणि एक फासा : डीबीएचा वापरानंतरचा अनुभव

आठ महिन्यांपूर्वी मी टेबलावर प्राचीन लढाया खेळण्यासाठी १५ मिमी उंचीच्या छोट्या धातूच्या शिपायांची दोन सैन्यं घेतली. एक मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप याचं, दुसरं त्याच काळातलं रोमन. खेळाचे नियम डीबीएचे, म्हणजे 'डी बेलिस अँटिक्विटाटिस'चे. १९९० मध्ये पहिल्यांदा आलेले हे नियम अजून का टिकलेत, ते मला आता कळलंय.

सैन्य लहान असतं, फक्त १२ तुकड्यांचं. प्रत्येक तुकडी ४० मिमी रुंद बेसवर, म्हणजे छोट्या पट्टीवर, चिकटवायची. फॅलँक्सच्या, म्हणजे लांब भाले घेतलेल्या दाट रांगांच्या पायदळाच्या, बेसवर चार शिपाई, भालाफेक्यांच्या बेसवर दोन, हत्तीच्या बेसवर एकटा हत्ती. दोन फूट लांब-रुंद जागा पुरते आणि लढाई तासाभरात संपते. म्हणून तर माझ्या आणि बहिणीच्या चाळीसेक लढाया झाल्या.

या खेळाचा जीव एका फाशात आहे. दर पाळीला फासा टाकायचा; जितके गुण, तितक्या हालचाली. एका गुणात एक सुटी तुकडी हलते, नाहीतर एकमेकींना चिकटून उभी असलेली अख्खी रांग. रांग अखंड असेल तर एक पडला तरी सैन्य पुढे सरकतं. ती तुटली, की प्रत्येक तुकडा वेगळा गुण मागतो. सेनापतीपासून फार लांब गेलेल्या तुकडीला तर एक गुण जास्तच लागतो. हुकूम सोडला म्हणजे तो पोहोचला असं नाही, हे पुस्तकं वाचून मला इतकं कधी जाणवलं नव्हतं.

लढतीचं गणितही तसंच अर्थपूर्ण. पायदळाशी लढताना लीजनचे, म्हणजे रोमन पायदळाचे, ५ गुण. फॅलँक्सचे नुसते ३, पण मागे दुसरी रांग असली तर आणखी ३. त्यात फाशाचे गुण मिळवायचे. म्हणजे सपाट मैदानात समोरासमोर फॅलँक्स भारी. झाडी-दलदलीत मात्र मागच्या रांगेचा आधार जातो, आणि बगलेवर शत्रू असताना मागे रेटली गेलेली तुकडी थेट मरते.

याचं खरं उदाहरण म्हणजे फिलिप आणि रोमन यांच्यातली ग्रीसमधली लढाई : किनोस्केफालाई, इ.स.पू. १९७. फिलिपची उजवी बाजू उतारावरून रोमनांना रेटत निघाली होती, पण डावी बाजू अजून कड्यावर पोहोचतच होती. रोमन सेनापती फ्लामिनिनसने हत्ती घालून ती फोडली. मग एका ट्रिब्यूनने (रोमन अधिकाऱ्याने) वीसेक मॅनिपल (लीजनच्या छोट्या तुकड्या) वळवून जिंकत असलेल्या फॅलँक्सची पिछाडी गाठली. ही लढाई आम्ही सहा वेळा मांडली. तिसऱ्या वेळी मला लागोपाठ तीन पाळ्या एकच पडला. माझी उजवी रांग रोमनांना मागे ढकलत होती आणि बहीण म्हणाली, "दादा, तुझी डावी बाजू अजून डोंगरामागेच आहे." दोन पाळ्यांत माझ्या चार तुकड्या गेल्या, आणि चार गेल्या की हार.

आता तक्रारी. नियमांची भाषा फार आखडती आहे. एकेक वाक्य तीनदा वाचावं लागतं. पहिला महिना केवळ समजून घेण्यात गेला. जाणत्या खेळाडूसोबत सुरुवात करता आली तर नक्की करा.

दुसरी तक्रार भाल्यांची. माझ्या शिपायांसोबत आलेले ओतीव भाले मऊ धातूचे निघाले. महिन्याभरात वाकले, सरळ करताना सात तुटले. शेवटी सगळे काढून पोलादी तार बसवली. सहा महिने झाले, एकही वाकलेला नाही. रंगावर मॅट वॉर्निशचे दोन हात द्या, एक पुरत नाही. घोड्यांच्या कानांवरचा माझा रंग उडालाय, कारण उचलताना बोटं तिथेच जातात. बेसखाली चुंबकी पट्टी आणि डब्याच्या तळाशी लोखंडी पत्रा असला की ने-आण निर्धास्त होते.

नवीन घेणार असाल तर फॅलँक्सचे सगळे शिपाई भाले आडवे धरलेले घेऊ नका. पुढच्या बेसवर आडवे, मागच्या बेसवर उभे ठेवा. आडवे भाले समोरच्या बेसमध्ये अडकतात आणि रांग नीट चिकटत नाही.