रेडिएटर फॅनच्या नावावर १४,४०० ची टोपी

हायवेवरच्या गॅरेजवाल्यांच्या करामती मला नवीन नाहीत. टायरला गुपचूप टोचा मारणारे, ऑइल न बदलता पैसे घेणारे, सगळे ऐकून माहीत. तरी १४,४०० गेले. घरी ९,००० च सांगितलेत.

मे महिना, खंबाटकी घाटात गाड्यांची रांग, एसी चालू. टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्याकडे सरकला. पळत्या गाडीत रेडिएटरला वारा मिळतो, रांगेत सगळी भिस्त फॅनवर. आणि फॅन बंद. घाट कसाबसा उतरून पहिल्या गॅरेजला थांबलो. मागे सासूबाई, लेकीला उलट्या. अशा वेळी कोण चार ठिकाणी भाव विचारत फिरतं?

गॅरेजच्या पोराने फॅनचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढला, बॅटरीवरून दोन वायरी थेट लावल्या. फॅन भर्रकन फिरला, माझ्या डोळ्यांदेखत! आणि लगेच मालक म्हणतो, "साहेब, मोटर गेली." अरे, गेलेली मोटर फिरते कशी? आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. विचारलं होतं मी, नाही असं नाही. "बेअरिंग संपलंय, पुढच्या घाटात जाम होईल." सासूबाईंसमोर आणखी काय वाद घालणार? थेट बॅटरीवर फॅन नीट फिरला, तर आधी फ्यूज, रिले (फॅनला करंट सोडणारा छोटा स्विच), सेन्सर आणि वायरिंग बघायला लावा.

मोटर ६,८००, वायरिंग ३,५००, रेडिएटर सफाई १,५००, कूलंट ९००, मजुरी १,७००. हिशेब वहीच्या फाटक्या पानावर, ना नाव ना शिक्का. ८,००० ऑनलाइन, तेही भलत्याच नावावर, बाकी रोख.

घरी आल्यावर आमच्या इलेक्ट्रिशियनने बघितलं. इंजिन गार असतानाही चावी फिरवली की फॅन सुरू. रिले टाळून थेट वायर ओढलेली, मध्ये साधा फ्यूज नाही. शॉर्ट झाली असती तर गाडीच पेटली असती! नवीन मोटर म्हणजे आमचीच जुनी, पुसून काळा स्प्रे मारलेली. कपलरच्या पांढऱ्या प्लास्टिकवर शिंतोडे तसेच. बदललेला पार्ट ताब्यात घेतल्याशिवाय पैसे काढू नका. त्याने ती वायर काढली, हॉर्नचा रिले फॅनच्या जागी बसवला (पिना आणि नंबर जुळत असतील तरच हे करा), एसी लावला. फॅन चालू. नवा रिले २८० रुपये.

पोलीस म्हणाले, "दिवाणी मामला आहे, ग्राहक आयोगाकडे जा." फसवणुकीचं कलम ४२० चं ३१८ झालं, उत्तर तेच. शिवाय हद्द! इथले म्हणतात तिकडे जा, तिकडचे म्हणतात राहता तिथे द्या. अर्जावर पोच द्यायलाही कुणाचा हात वळेना. १९१५ वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला, फोन केला तर पक्कं बिल मागितलं. अहो, पक्कं बिल देणारा असला धंदा करेल कशाला? ऑनलाइन पावती दाखवली, तर पैसे घेणारा गॅरेजचाच माणूस असल्याचा पुरावा द्या म्हणे. तो मी शोधायचा, आणि मग यांनी पगार कशाचा घ्यायचा?

मालक, गाडी आणि गॅरेजचा बोर्ड एका फोटोत घ्या. गाडीचं बॉनेट उघडण्याआधी.